मागवणाऱ्याची सही

पार्सल देणारा माणूस खोकं पायरीवर ठेवायचा, त्याचा फोटो काढायचा आणि व्हॅनकडे वळायचा. तेवढ्यात काका दार उघडून, पायात सपाता, अंगात नुसता स्वेटर, अशा अवतारात बर्फाळ फुटपाथवर त्याच्या मागे जायचे. "सही राहिली," असं त्याला इंग्रजीत बजावायचे. तो म्हणायचा, लागत नाही आता. मग काका हिरमुसून परत यायचे आणि जिन्यात मी दिसले तर मला सांगायचे, "सही नाही म्हणजे माल पोचलाच नाही. उद्या मी म्हणालो मिळालं नाही, तर हा काय दाखवणार? फोटो. फोटोत मी आहे का? फोटोत पायरी आहे."

शिकागोत, भारतीय दुकानांनी भरलेल्या डेव्हन ॲव्हेन्यूपासून दोन गल्ल्या आत त्यांचं विटांचं दुमजली घर होतं. खाली काका-काकू राहत, वरचा मजला भाड्याने देत. एमएस करायला सांगलीहून आले तेव्हा कॉलेजातल्या एका सीनियरने मला तो पत्ता दिला होता. भाडेकराराच्या दिवशी काकांनी माझ्याकडून एका कोऱ्या कागदावर तीन सह्या करून घेतल्या.

"तीन कशाला काका?"

"पहिली माणूस दाखवायला करतो. दुसरी पहिलीसारखी यावी म्हणून करतो. तिसरी त्याची असते."

मला हसू आलं. ते हसले नाहीत. तिसऱ्या सहीभोवती त्यांनी पेन्सिलीने गोल काढला आणि कागद ड्रॉवरमध्ये ठेवून दिला.

काका नागपूरहून इंजिनियर होऊन आले होते, सत्तरच्या दशकात. इंजिनियरची नोकरी काही लागली नाही. लागली ती एका टपालाने माल पाठवणाऱ्या कंपनीत. जाडजूड कॅटलॉग घरोघर जायचा, लोक फॉर्म भरून पाठवायचे, आणि कंपनी शर्टापासून शिलाई मशीनपर्यंत काहीही धाडायची. काका तक्रार विभागात होते. 'आम्ही हे मागवलंच नाही,' अशी पत्रं यायची. काका दप्तरातून मूळ ऑर्डर शोधायचे, तिची प्रत काढायचे, सहीभोवती लाल गोल करायचे आणि त्या माणसाला परत पाठवायचे. सबंध नोकरी त्यांनी हेच केलं. ते म्हणायचे, "पहिल्या पत्रात कोणी कबूल करत नाही. माणूस विसरतो, लाजतो, बायकोला घाबरतो. कागदाला ह्यातलं काही होत नाही."

कंपनी केव्हाच बुडाली. तिथून आणलेला 'रिसीव्ह्ड'चा तारीख बदलायचा शिक्का मात्र त्यांच्याकडे होता. घरात येणाऱ्या प्रत्येक गोष्टीवर तो बसायचा. लग्नाच्या पत्रिका, मंडळाचा दिवाळी अंक, विजेचं बिल, दह्याचा डबा. माझ्या आईने कुरियरने पाठवलेल्या मेतकुटाच्या पाकिटावरही. काकू म्हणायच्या, "लग्नात हा शिक्का नव्हता यांच्याकडे म्हणून वाचले. नाहीतर माझ्या कपाळावर मारला असता."

आणि मग तो खून.

साठच्या दशकात या देशाचा राष्ट्राध्यक्ष उघड्या गाडीतून जाताना गोळ्या घालून मारला गेला, हे सगळ्यांना माहीत असतं. काकांना त्यातला फक्त एक भाग महत्त्वाचा वाटायचा. ती बंदूक टपालाने मागवलेली होती. एका मासिकातलं कूपन कापून, खोट्या नावाने, पोस्टातल्या पेटीचा पत्ता देऊन, सोबत मनीऑर्डर जोडून. आणि ती पाठवणारं दुकान याच शहरातलं, शिकागोतलं होतं. काका स्वतः टपालाच्या धंद्यातले. जणू त्यांच्याच विभागात ती तक्रार आली होती आणि अजून निकालात निघायची होती.

वाद घालायला त्यांच्याकडे वॉल्टर होता. मागच्या गल्लीत राहणारा, काकांच्याच वयाचा, उंच आणि वाकलेला. त्याने जन्मभर कोर्टात गरीब आरोपींचे सरकारी खर्चाने खटले लढवले होते. त्याच्या मते ते कूपन, ती मनीऑर्डर, सगळं मागाहून घुसडलेलं होतं. दर शनिवारी दुपारी तो मागच्या दाराने यायचा. काकू चिवडा आणि चहा ठेवायच्या आणि बाहेरच्या खोलीत जाऊन बसायच्या. बोलणं अर्थातच इंग्रजीत चालायचं, पण मला ते आता मराठीतच आठवतं.

"जाहिरातीत बंदूक आखूड आहे," वॉल्टर सुरू करायचा. "सापडली ती लांब. म्हणजे मागवली ती ही नव्हे."

"आखूड संपली असेल. लांब पाठवली. आमच्याकडे निळा शर्ट संपला की आम्ही आकाशी पाठवायचो."

"मनीऑर्डरवर बँकांचे शिक्के असायला हवेत, ते कुठे आहेत?"

"कारकुनाने आळस केला. खोटा कागद करणारा माणूस शिक्का विसरत नाही, वॉल्टर. खरा कारकून विसरतो."

"पोस्टाच्या पेटीतून ते पार्सल उचलताना त्याला कोणी पाहिलं?"

"कोणी नाही. पण अक्षर त्याचं आहे."

"अक्षराची नक्कल होते."

"सावकाश काढलेल्या अक्षराची होते. घाईत काढलेल्या अक्षराची नाही होत."

एकदा मी मध्ये पडून विचारलं, तो माणूस होता तरी कसा, लहानपण कसं गेलं त्याचं. काकांनी हात वर केला. "ते मला सांगू नकोस. तो दुःखी होता का, वेडा होता का, त्याची आई कशी होती. ह्या गोष्टींना अंत नाही. मागवलं कोणी, तेवढंच बघायचं."

त्यांचा मुलगा निखिल इंडियानात राहायचा, तासाभराच्या अंतरावर. चाळिशी ओलांडलेला, एका विमा कंपनीत कॉम्प्युटरवर काम करणारा. त्याचं लग्न मोडलं होतं. महिन्यातून एखाद्या शनिवारी तो यायचा, काकूंनी केलेलं जेवायचा आणि बाहेरच्या सोफ्यावर बुटांसकट झोपून जायचा. आत वाद रंगलेला असायचा. काकू त्याचे बूट काढायच्या, अंगावर शाल घालायच्या आणि आत येऊन म्हणायच्या, "जरा हळू बोला." काका आवाज उतरवून वॉल्टरला सांगायचे, "कामाचं फार आहे त्याला."

माझी त्याची एकदाच नीट गाठ पडली. मी जिन्यात बसून बूट घालत होते, तो निघाला होता. आतून दोघांचे आवाज येत होते. तो इंग्रजीतच बोलायचा. म्हणाला, "मी तिसरीत असल्यापासून चाललंय हे."

"कोण जिंकतंय?"

"कोणीच नाही. म्हणून तर त्यांना आवडतं." तो हसला. दाढी वाढली होती आणि शर्टाची बटणं एक घर चुकवून लावलेली होती. ते सांगावं का, असा विचार मी करत होते तेवढ्यात तो गेला.

नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी दुपारी दोन पोलीस दाराशी आले. क्लास नव्हता म्हणून मी घरी होते. खालून काकूंनी माझं नाव घेऊन हाक मारली, आणि त्या आवाजाने मी जिना कसा उतरले ते मला आठवत नाही. काकू भिंतीला हात टेकून उभ्या होत्या. काका पोलिसांची ओळखपत्रं मागून घेऊन त्यांचे नंबर एका पाकिटाच्या पाठीवर उतरवत होते. पोलिसांनी ते करू दिलं. मग त्यातल्या बाई म्हणाल्या की निखिल त्याच्या घरी मृतावस्थेत सापडला, गोळी लागून, आणि दुसरं कोणी तिथे असल्याचं दिसत नाही.

"कोणाची बंदूक?" काकांनी विचारलं.

"त्यांचीच, सर."

"त्याच्याकडे बंदूक नव्हती," काका म्हणाले, आणि पेनाचं टोपण लावलं.

काकू हळूहळू भिंतीशीच खाली बसल्या.

बंदूक त्याने इंटरनेटवरून मागवली होती. ती आता कोणाच्या घरी येत नाही, परवाना असलेल्या दुकानात येते. तिथे जाऊन ओळखपत्र दाखवावं लागतं, फॉर्म भरून सही करावी लागते. तपास करणाऱ्या अधिकाऱ्याने ऑर्डरची आणि त्या फॉर्मची प्रत काकांना दिली, बहुधा एवढ्यावर त्यांची खात्री पटेल म्हणून. काकांनी ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरली. शेजारी निखिलची जुनी ग्रीटिंग कार्डं, शाळेतल्या वह्या, घटस्फोटाचे कागद. भिंग घेऊन ते तासन्‌तास बसायचे.

"ही त्याची सही नाही," एक दिवस त्यांनी मला सांगितलं. "हा 'एन' बघ. त्याचा 'एन' असा टेकत नाही."

मी पाहिलं. सगळीकडे सारखाच 'एन' होता, डाव्या बाजूला थोडा कललेला. "मला त्यातलं कळत नाही काका," मी म्हणाले.

"कळणार नाही. सवय लागते."

ते दर सोमवारी त्या अधिकाऱ्याला फोन करू लागले. दुकानातल्या कॅमेऱ्याचं चित्रण मागितलं, ते तोवर पुसलं गेलं होतं. "पुसलं," ते मला म्हणाले, "बघ, पुसलं." मग फॉर्मवर मधलं नाव नाही. फोन नंबरातला सात निखिल काढायचा तसा नाही. दुकानदाराला माणूस आठवत नाही. मला ही वाक्यं ओळखीची होती. इतकी वर्षं टेबलाच्या दुसऱ्या बाजूने ती वॉल्टर बोलत आला होता.

दहनाला आम्ही तिघं आणि वॉल्टर, एवढेच होतो. अस्थी नंतर टपालाने आल्या. इथे तसंच करतात, इंडियानातल्या त्या दहनसंस्थेने एक्सप्रेस पोस्टाने पाठवल्या. पोस्टमनने बेल वाजवली तेव्हा मी किराण्याच्या पिशव्या घेऊन पायऱ्या चढत होते. काका दारात उभे होते. पोस्टमनच्या हातात चौकोनी खोकं होतं, त्यावर ठळक अक्षरांत आत काय आहे ते लिहिलेलं होतं.

"इथे सही लागेल, सर," पोस्टमन म्हणाला.

काका खोक्याकडे बघत राहिले. "मी हे मागवलेलं नाही," ते म्हणाले.

"सर, पत्ता तुमचाच आहे."

"पत्ता असेल. मी मागवलेलं नाही. परत न्या."

पोस्टमन माझ्याकडे बघायला लागला. आतून काकू आल्या, हात पदराला पुसत. त्यांनी काकांना खांद्याने बाजूला केलं, पेन घेतलं, सही केली आणि खोकं छातीशी धरून आत निघून गेल्या. काका तसेच उघड्या दारात थंडीत उभे राहिले. पोस्टमन गेला तरी त्यांनी दार लावलं नाही. शेवटी मी लावलं.

खोकं कोटांच्या कपाटात, वरच्या फळीवर गेलं. केस मिटेपर्यंत ते उघडायचं नाही, असं काकांनी जाहीर केलं. हिवाळा तसाच गेला. फेब्रुवारीत एकदा मी भाड्याचा चेक द्यायला खाली गेले तर दोघं समोरासमोर उभे होते. मी मागे वळले, पण काकू म्हणाल्या, "थांब. कोणीतरी ऐकायला हवं."

मग त्या काकांकडे वळल्या. "त्याने आत्महत्या केली. मी म्हणते. तुम्ही शब्द उच्चारत नाही म्हणून मी उच्चारते. दोन वर्षं गोळ्या घेत होता तो. मला माहीत होतं, तुम्हालाही सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, कामाचा ताण आहे."

"औषधाच्या चिठ्ठीवरून काही सिद्ध होत नाही."

"तुम्हाला त्याचा खून झालेला हवाय. कोणीतरी येऊन मारलं असं ठरलं की तुम्ही सुटलात." त्यांचा आवाज चढला नव्हता. "त्याचा शेवटचा फोन मला आला होता. आदल्या शनिवारी. काय बोलला, एकदा तरी विचारलंत?"

"फोन कंपनीकडून रेकॉर्ड मागवलंय मी," काका म्हणाले.

काकूंनी माझ्या हातातला चेक घेतला आणि त्या आतल्या खोलीत गेल्या.

मार्चमध्ये काकांनी ती सगळी फाइल वॉल्टरकडे न्यायची ठरवली. निखिल गेल्यापासून शनिवारच्या बैठका बंद होत्या. सह्यांचे मोठे केलेले प्रिंट मी लायब्ररीत काढून आणले होते, म्हणून मीही बरोबर गेले. वॉल्टरचं घर पुस्तकांनी आणि मांजराच्या केसांनी भरलेलं होतं. काकांनी त्याच्यासमोर फाइल ठेवली आणि म्हणाले, "तुला यातलं कळतं. तू बघ."

वॉल्टरने चष्मा बदलला. एकेक पान वाचलं, काकांनी समासात लिहिलेल्या शंकाही वाचल्या. फार वेळ लागला. मांजर माझ्या पायाशी येऊन बसलं. काका खुर्चीच्या कडेवर, हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते, रिझल्टची वाट बघणाऱ्या विद्यार्थ्यासारखे.

"चांगलं काम आहे," वॉल्टर शेवटी म्हणाला. "कोर्टात मी हे सगळं वापरलं असतं. पुसलेलं चित्रण, मधलं नाव, सात. ज्यूरीतला एखादा तरी डळमळलाच असता."

काकांनी मान हलवली.

"तुझ्या लग्नाचा दाखला आण," वॉल्टर पुढे म्हणाला, "तोही मी दुपारभरात खोटा ठरवून देतो. जन्मभर हाच धंदा केला मी. शंका काढायला कागद वाईट असावा लागत नाही. काढणाऱ्याला गरज असावी लागते." त्याने फाइल मिटली आणि तिच्यावर हात ठेवला. "ही तुझ्या मुलाची सही आहे. तुला ते पहिल्या दिवशीच दिसलं होतं."

"मग तुझी ती मनीऑर्डर?" काका म्हणाले. "ते कूपन? तेही खरं म्हण. म्हण, आत्ता."

"म्हणतो," वॉल्टर म्हणाला. "तुला हवं असेल तर तेही खरं."

काका उठले. फाइल न घेताच बाहेर पडले. मी कोट घेऊन त्यांच्या मागे धावले. घराच्या पायरीशी थांबून ते म्हणाले, "वॉल्टर हरला," आणि आत गेले.

नंतरचं आधी सांगून टाकते. मी आता पार पश्चिम किनाऱ्याकडे, बॉथेल नावाच्या गावात नोकरी करते. काकूंना अधूनमधून फोन होतो. वॉल्टर पुन्हा शनिवारी येतो म्हणतात. दोघं गुडघ्यांबद्दल बोलतात, हवेबद्दल बोलतात. त्या खुनाचा विषय कोणीच काढत नाही. शिक्का कुठे आहे ते मी विचारलं नाही. काका फोनवर येतात, नोकरी कशी आहे विचारतात, मी सांगते, आणि ते ऐकून घेतात. पूर्वी ते ऐकून घेत नसत.

पण मला सांगायची आहे ती एप्रिलमधली सकाळ. काकू वर आल्या, कोट घालूनच. हातात ते खोकं होतं. "मला तळ्यावर सोडशील?" त्या म्हणाल्या. "ते येणार नाहीत. त्यांना मी विचारलंही नाही." मी मैत्रिणीची गाडी मागून आणली. काकू पुढे बसल्या, खोकं मांडीवर घेऊन. मी गाडी सुरू करणार, एवढ्यात मागचं दार उघडलं आणि काका आत येऊन बसले. त्यांनी दाढी केली होती आणि गळ्यापाशी कापलं होतं. मी निघाले.

लेक मिशिगनच्या काठावर दगडी पायऱ्या आहेत. पाणी करड्या रंगाचं होतं, काठाशी अजून बर्फाचे तुकडे हलत होते. कुत्रं फिरवायला आलेला एक माणूस लांब होता, बाकी कोणी नाही. मी वरच थांबणार होते, पण काकूंनी आधाराला माझा हात धरला, म्हणून मीही खाली उतरले. शेवटच्या पायरीवर काकू खोक्याची चिकटपट्टी सोडवू लागल्या, ती निघेना.

"काय म्हणाला तो?" काकांनी विचारलं.

काकूंनी वर पाहिलं.

"फोनवर. शनिवारी. काय म्हणाला?"

काकू पाण्याकडे वळल्या. मग सांगू लागल्या, रोजचं काहीतरी सांगावं तशा स्वरात. "म्हणाला, काय करतेस. मी म्हटलं, चिवडा भरतेय डब्यात. म्हणाला, बाबा कुठे आहेत. मी म्हटलं, आत आहेत, वॉल्टर आलाय, बोलावू का. म्हणाला, नको, त्यांचं चालू दे. मग मला विचारलं, तू जेवलीस का. मी हो म्हटलं. मग ठेवला."

वारा होता. काकांनी कोटाची बटणं लावली, पुन्हा काढली.

"आमचं काय चाललं होतं तेव्हा?" त्यांनी विचारलं. "कशावर बोलत होतो?"

"मला काय माहीत," काकू म्हणाल्या. "हसत होतात तुम्ही दोघं. मोठ्याने. त्यालाही ऐकू गेलं असेल."

काका खाली बसले, ओल्या दगडावरच. मग हात पुढे केला, आणि काकूंनी खोकं त्यांच्या हातात दिलं. चिकटपट्टीचं टोक त्यांनी नखाने शोधलं आणि कागद न फाटू देता ती सावकाश काढली. आतली पिशवी दोघांनी मिळून धरली. राख पाण्यावर पसरली, थोडी वाऱ्याने परत आली आणि काकांच्या बाहीवर बसली. त्यांनी ती झटकली नाही.

परतताना गाडीत दोघंही मागे बसले. डेव्हनवर काकू म्हणाल्या, इथेच सोड, घरी चालत जाऊ, म्हणून मी त्यांना मिठाईच्या दुकानासमोर उतरवलं आणि पार्किंग शोधायला गेले. गल्लीला वळसा घालून परत आले तर दोघं तिथेच उभे होते. सिग्नल बदलत होता, लोक त्यांच्या बाजूने रस्ता ओलांडत होते. काकूंनी त्यांचा हात धरला होता, आणि कोणीच आधी पाऊल टाकत नव्हतं.